"पाणी कुठनं येतं इथं?" : आई-बाबांबरोबर पुलियात आठवडाभर

आई-बाबा सोलापूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे फ्रँकफर्टला आले होते. पॅरिस-स्वित्झर्लंड मागच्या खेपेला झालं होतं, रोम-व्हेनिस पण झालं होतं, मग यावेळी मी म्हटलं की इटलीच्या बुटाची टाच बघूया, पुलिया. मे महिन्याचा शेवट, ऊन भरपूर पण सोलापूरच्या मानाने म्हणजे गुलाबी थंडीच. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर्ड. या दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते कारण पुढचं सगळं त्यावरच चाललंय.

दिवस १

फ्रँकफर्ट ते बारी साधारण दोन तासांची फ्लाइट. संध्याकाळी पोचलो, सामान टाकलं आणि लगेच जुन्या गावात, बारी वेक्कियात शिरलो. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्हीकडचे वाळत घातलेले कपडे डोक्यावर, आणि प्रत्येक दारात एक आजी खुर्ची टाकून बसलेली, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत, समोरच्या दारातल्या आजीशी मोठमोठ्याने बोलत. आई म्हणाली, "आपल्या पाच्छा पेठेत आल्यासारखं वाटतंय की गं." समुद्राकाठी बसून फोकाच्या खाल्ला, बारीचा फोकाच्या म्हणजे पिठात उकडलेला बटाटा मळलेला, वर चेरी टोमॅटो आणि ऑलिव्ह, खालचा भाग तेलात चांगला खरपूस झालेला. कागदात गुंडाळून देतात आणि कागद तेलाने पारदर्शक होतो. नवऱ्याने बिअर घेतली, बाबांनी "चव बघतो" म्हणून अर्धी संपवली.

मग बाबांनी चौकातला लोखंडी नळ बघितला. जुन्या पद्धतीचा, ओतीव लोखंडाचा खांब आणि त्याला तोटी. दाबून बघितलं, प्यायले, आणि विचारलं, "पाणी कुठनं येतं इथं? एवढ्या वरनं आलो, विमानातनं एक नदी दिसली नाही."

हा प्रश्न पुढचे सहा दिवस आमच्याबरोबर गाडीत बसला होता.

दिवस २

सकाळी बॅसिलिका दी सान निकोला. सांताक्लॉज ज्याच्यावरून आला तो संत निकोलस इथे खाली तळघरात आहे. १०८७ मध्ये बारीच्या खलाशांनी मायरा, म्हणजे आताच्या तुर्कस्तानातून, त्याच्या अस्थी उचलून आणल्या. उचलून म्हणजे चोरूनच हो, पण इथे त्याचा उत्सव करतात. ऑर्थोडॉक्स लोकांचंही हे मोठं तीर्थक्षेत्र, त्यामुळे तळघरात डोक्यावर रुमाल बांधलेल्या बायका पुटपुटत उभ्या होत्या. त्या थडग्यात पाण्यासारखा एक द्रव साठतो, त्याला मान्ना म्हणतात, दरवर्षी ९ मेला तो काढतात आणि साध्या पाण्यात मिसळून बाटल्यांतून भाविकांना देतात. मी हे आईला सांगितलं तर तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "म्हणजे तीर्थ," म्हणाली आणि हात जोडले. बाबांना मात्र दगडातून पाणी झिरपतं कसं यात जास्त रस होता.

तिथून किल्ल्याजवळच्या आर्को बास्सो गल्लीत. इथे बायका घरासमोर लाकडी फळीवर ओरेक्किएत्ते वळतात, म्हणजे छोटे कान. ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी, बस, अंडं नाही. पिठाची लांब वळी, तिचा छोटा तुकडा सुरीने फळीवर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा, सेकंदाला एक. आई पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिली आणि मग मला म्हणाली, "अगं, नखुल्याच की या." आमच्याकडे लग्नाच्या आधी गव्हले, नखुल्या, मालत्या करायला बायका जमायच्या ते मला धूसर आठवतं, आईने तर पोत्याने केलेत. त्या बाईंनी आईची नजर ओळखली असावी, खुर्ची सरकवली, सुरी हातात दिली. पहिले चार-पाच बिघडले. मग आईने सुरी बाजूला ठेवली आणि सरळ अंगठ्याच्या नखाने आपल्या पद्धतीने वळायला सुरुवात केली. त्या बाई आपल्या शेजारणीला हाका मारायला लागल्या, दोघीतिघी जमल्या, एकीला दुसरीची भाषा येत नाही आणि सगळ्या एकदम बोलतायत. अर्धा किलो विकत घेतला. (ज्या आपल्यासमोर वळतायत त्यांच्याकडूनच घ्या, सगळ्याच पिशव्यांमधला माल हाताचा असेल असं नाही.)

दुपारी बाबांसाठी खास बुकिंग केलेलं ठिकाण, अक्वेदोत्तो पुलिएझेचं जुनं मुख्यालय. म्हणजे पाणीपुरवठा कंपनीचं ऑफिस! नवरा म्हणाला, सुट्टीत कोणी जीवन प्राधिकरणाचं ऑफिस बघायला जातं का. पण १९३२ ची ही इमारत आतून बघाच, दुइलिओ कांबेल्लोत्ती नावाच्या कलाकाराने जमिनी, भिंती, टेबलं, खुर्च्या सगळीकडे पाण्याचीच नक्षी केलीय, लाटा, घागरी, थेंब. आणि इथे बाबांना त्यांचं उत्तर मिळालं. पुलियाचा दगड चुनखडीचा, पाऊस पडला की भेगांतून खाली गडप, वर नदी टिकतच नाही. शतकानुशतकं लोक पावसाचं पाणी टाक्यांत साठवून जगले. मग १८६८ मध्ये कामिल्लो रोसाल्बा नावाच्या इंजिनिअरने कल्पना मांडली की डोंगरापलीकडे सेले नदीचे झरे आहेत, ती नदी पश्चिमेच्या समुद्राला मिळते, तिचं पाणी अपेनाईन्स पर्वत फोडून पूर्वेला आणायचं. लोकांनी वेड्यात काढलं असणार. काम सुरू व्हायला १९०६ उजाडलं आणि २४ एप्रिल १९१५ ला बारीत पहिल्यांदा कारंजं उडालं.

बाबा बराच वेळ नकाशासमोर उभे होते. "पश्चिमेचं पाणी पूर्वेला," म्हणाले. "आपण काय केलं, मुळशीचं पूर्वेला जाणारं पाणी वीज काढायला कोकणात सोडलं. आणि कोकणातलं वर आणायची नुसती चर्चा." मग गाडीत कृष्णा-भीमा स्थिरीकरण योजनेवर बाबांचं पाऊण तास.

संध्याकाळी पोलिन्यानो आ मारे. फोटोत सगळ्यांनी बघितलेला असतो तो किनारा, दोन कड्यांच्या मध्ये चिमूटभर खडे आणि हिरवंनिळं पाणी, वर कड्याच्या टोकापर्यंत पांढरी घरं. खडे म्हणजे खडेच, वाळू नाही, अनवाणी जाऊ नका. या जागेचं नाव लामा मोनाकिले. लामा म्हणजे काय तर इथल्या भाषेत कोरडी घळ, जी जोराचा पाऊस झाला तरच वाहते. "ओढा," बाबा म्हणाले. म्हणजे हा जगप्रसिद्ध बीच एका कोरड्या ओढ्याचं तोंड आहे. गायक दोमेनिको मोदुन्यो याच गावचा, हात पसरून उभा असलेला त्याचा पुतळा समुद्राकाठी आहे, आणि तिथे प्रत्येक जण हात पसरून फोटो काढतो. आम्हीही काढला, आईने नाही.

दिवस ३

मुक्काम लोकोरोतोंदोजवळच्या शेतातल्या एका त्रुल्लोत. त्रुल्लो म्हणजे गोल दगडी घर, वर शंकूसारखं छप्पर, सगळं चुना-सिमेंटशिवाय, नुसते दगडावर दगड रचून. आतून गार. आल्बेरोबेल्लो गावात अशी हजारावर घरं एका टेकडीवर आहेत, १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत. गोष्ट अशी सांगतात की इथल्या सरदाराने नेपल्सच्या राजाचा कर चुकवायला लोकांना चुना वापरायची बंदी केली होती, तपासणी आली की छप्पर पाडायचं, गाव नाहीच म्हणून सांगायचं. शेवटी १७९७ मध्ये राजा फर्दिनांदने गावाला सरदाराच्या तावडीतून सोडवलं.

खरं सांगू का, आल्बेरोबेल्लो मला फारसं आवडलं नाही. मोठी टेकडी म्हणजे मॅग्नेट आणि लिकरची दुकानं. समोरच्या बाजूला आइया पिक्कोला म्हणून छोटी वस्ती आहे तिथे अजून माणसं राहतात, तिकडे जा, आणि जमलं तर सकाळी आठच्या आत. त्यापेक्षा आमच्या शेतातला त्रुल्लो भारी होता. मालकांनी बाबांना छपराची पन्हाळ दाखवली, पावसाचं पाणी छपरावरून पन्हाळीतून भिंतीतल्या वाटेने खाली टाकीत जातं. आणि टाकी खणताना निघालेला दगडच घराला वापरलेला. बाबांनी कागद मागून स्केच काढलं, मालकांनी ते दुरुस्त करून दिलं.

जेवायला लोकोरोतोंदो. फावे ए चिकोरिए मागवलं, सुक्या वालासारख्या शेंगेच्या दाण्याचं घट्ट पुरण म्हणा किंवा पिठलं म्हणा, बाजूला कडवट रानभाजी वाफवलेली, वरून कच्चं ऑलिव्ह तेल. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हे तर पिठलं आणि पालेभाजी. फोडणी विसरलेत." तरी ताट चाटून पुसून साफ. पर्समधून शेंगाचटणीची डबी निघाली, ती पण कामी आली. शाकाहारी लोकांना एक सूचना: चिमे दी रापा नावाच्या भाजीचे ओरेक्किएत्ते फेमस आहेत पण त्यात बऱ्याचदा अँचोव्ही मासा असतो, विचारून घ्या. आम्हाला तर मिळालेच नाहीत, ती भाजी थंडीतली, वेटरने "मे महिन्यात?" असं म्हणून माझ्याकडे बघितलं. टोमॅटो आणि खिसलेलं काचोरिकोत्ता चीज घालून दिले.

दुपारी एक ते पाच सगळं बंद. पुण्याचा विनोद मी इथे करणार नाहीये.

दिवस ४

मातेरा. हे खरं तर पुलियात नाही, शेजारच्या बाझिलिकातात, पण तासा-सव्वा तासाच्या ड्राइव्हवर आहे आणि मी तर म्हणेन बाकी काही कापा पण हे कापू नका. दरीच्या कडेला डोंगर पोखरून केलेली घरं, त्यावर घरं, त्याच्या छपरावरून रस्ता, त्यावर पुन्हा घरं. सास्सी म्हणतात त्याला. पहिल्यांदा कठड्यावरून दिसतं तेव्हा आम्ही चौघंही गप्प झालो, आणि आमच्या घरात ते फार होत नाही.

एक गुहेतलं घर जसंच्या तसं ठेवलंय. एकच खोली, उंच पलंग, पलंगाखाली कोंबड्या, मागे खेचर, आणि त्यातच अख्खं कुटुंब. कोपऱ्यात जमिनीत पाण्याची टाकी. आई म्हणाली, "पलंग एवढा उंच कशाला ते कळलं आता." गावच्या भट्टीत पाव भाजायचे म्हणून प्रत्येक घराचा लाकडी शिक्का, आपला पाव ओळखू यावा म्हणून. गिरणीत डब्यावर नाव लिहितो तसं.

गरिबी, मलेरिया, घाण. शेवटी सरकारने १९५२ मध्ये कायदा केला आणि जवळपास १५ हजार माणसांना इथून उठवून नव्या वसाहतींत हलवलं. गुहा ओस पडल्या. मग १९९३ मध्ये युनेस्को आलं, २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं, आणि ज्या गुहांची लाज वाटायची त्यात आता महागडी हॉटेलं आहेत. बाबांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं उजनी धरणावर गेली, गावं उठताना त्यांनी बघितलीत. ला मार्तेल्ला नावाची वसाहत तेव्हाच्या नामवंत आर्किटेक्टांनी खास आखून बांधली होती असं मी मोबाइलवर वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "घरं आम्ही पण बरी दिली होती. पण शेजार मोडला की बाईमाणूस बोलणार कुणाशी, ते कुठल्या प्लॅनमध्ये नव्हतं." नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत, उजनीत बुडालेलं जुनं पळसदेव आठवत असणार.

मग पालोंबारो लुंगो. मुख्य चौकाच्या खाली, दगडात खोदलेलं प्रचंड टाकं, ५० लाख लिटर मावायचं. अक्वेदोत्तोचं, म्हणजे त्या मोठ्या जलवाहिनीचं, पाणी आल्यावर विसरलं गेलं, १९९१ मध्ये पुन्हा सापडलं. आत पुलावरून चालता येतं, एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यात उभं असल्यासारखं, भिंतींवर पाण्याच्या पातळीच्या रेघा. बाबांनी गिलाव्यावर बोट फिरवलं, गाइडने ओरडायच्या आत मी हात मागे घेतला त्यांचा. विटांचा चुरा घातलेला जलरोधक गिलावा आहे तो. "सुर्खी," बाबा म्हणाले, आणि एवढ्या खुशीत मी त्यांना आयफेल टॉवरवर पण बघितलं नव्हतं.

आईचे गुडघे मात्र गेले. मातेरा म्हणजे पायऱ्या, पायऱ्या आणि पायऱ्या. ज्येष्ठांना नेणार असाल तर वरच्या रस्त्यावरून बघून मोजकं खाली उतरा.

दिवस ५

ओस्तुनी, पांढरं गाव. लांबून बघायला सुंदर, आत जाऊन आइस्क्रीम खाल्लं. खरी मजा खालच्या मैदानात, समुद्रापर्यंत पसरलेली ऑलिव्हची झाडं, शेकडो वर्षांची, खोडं पिळलेल्या धुण्यासारखी. इटलीत सगळ्यात जास्त ऑलिव्ह तेल पुलियाचंच. पण पुढे दक्षिणेला लेच्चेच्या बाजूला गेलात की मैलोनमैल करड्या काड्या उभ्या दिसतात. २०१३ मध्ये झायलेल्ला नावाचा जीवाणू सापडला, बारका किडा तो पसरवतो, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. लाखो झाडं गेलीत. "म्हणजे तहानेनंच मेली," आई म्हणाली.

दुपारी ब्रिंदिसी. टूरिस्ट इथे थांबत नाहीत, मी मुद्दाम थांबवलं. सुएझ कालवा झाल्यावर १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनची हिंदुस्थानची टपाल रेल्वेने इथे यायची आणि इथून बोटीने मुंबईला. आणि १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषद आटपून गांधीजी याच बंदरातून 'पिल्स्ना' बोटीत बसले, २८ तारखेला मुंबईत उतरले, आणि आठवड्याभरात पुन्हा अटक. आप्पियन वे हा रोमहून येणारा जुना रस्ता जिथे संपतो तो रोमन खांब पायऱ्यांच्या वर उभा आहे, जोडीचा दुसरा पडला आणि लेच्चेला गेला. आम्ही पायऱ्यांवर बसून चेरी खाल्ल्या. बंदर शांत होतं, एक कार फेरी, बाकी काही नाही. बाबांनी पंचा नेसलेला माणूस डिसेंबरच्या थंडीत इथे कुठे उभा राहिला असेल ते शोधायचा प्रयत्न केला.

दिवस ६

लेच्चे. मऊ पिवळसर दगड, सुतारकाम करावं तसं कोरलेला, सांता क्रोचे चर्चच्या दर्शनी भिंतीवर एक इंच मोकळा नाही. मला अर्ध्या तासात भरून पावलं. त्यापेक्षा बर्फ आणि बदामाचं दूध घातलेली कॉफी जास्त लक्षात राहिली, आईने दोन घेतल्या. पास्तिच्चोत्तो म्हणून कस्टर्डचा गरम पेढ्याएवढा केक प्रसिद्ध आहे, पण अंडं तर असतंच आणि पारंपरिक कृतीत कव्हरला डुकराची चरबी, त्यामुळे आईसाठी बाद.

एक अडाणीपणा इथेच सांगते. एका गावात (लेच्चे नाही) जीपीएसच्या नादात जुन्या वस्तीच्या झेडटीएलमध्ये गाडी घातली. तिथे फक्त रहिवाशांच्या गाड्यांना परवानगी, कॅमेरा नंबर टिपतो. दंड दोन महिन्यांनी घरी आला, वर भाड्याच्या गाडीवाल्यांची वेगळी फी. लाल गोलाची पाटी दिसली की आत जायचं नाही, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

दिवस ७

सकाळी ओत्रांतो. कॅथेड्रलची अख्खी जमीन म्हणजे एक मोझाइक, ११६३ ते ११६५ मध्ये पांतालेओने नावाच्या साधूने केलेलं, एक भलंमोठं झाड, फांद्यांवर आदम-ईव्ह, नोहाची नाव, सिकंदर, राजा आर्थर, बारा महिन्यांची शेतीची कामं. आणि हे झाड उभंय कशावर तर दोन हत्तींच्या पाठीवर! हत्ती कोणीतरी ऐकून काढलेले दिसतात. आई म्हणाली, कानाचं जमलं नाही त्याला. बाजूच्या कपेलात काचेमागे कवट्या रचल्यात, १४८० मध्ये ऑटोमन सैन्याने मारलेल्या आठशे जणांच्या. आईने आत यायला नकार दिला.

मग समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला, साधारण ५० किलोमीटर, डावीकडे खाली निळं पाणी, उजवीकडे दगडी बांध, तेही बिनचुन्याचे. सांता चेझारेआला गंधकाच्या झऱ्यांचा वास गाडीत येतो. मध्ये एका साध्या बारमध्ये फ्रिसेल्ला मिळाला, दोनदा भाजलेला कडक पाव, महिनोन्महिने टिकतो, खलाशी बरोबर न्यायचे. खायच्या आधी पाण्यात बुडवायचा, मग टोमॅटो, मीठ, तेल. बाबांनी टेबलावर आपटून बघितला. "कडक भाकरी," दोघं एकदम म्हणाले. किती सेकंद बुडवायचा यावर बारवाल्याचं आणि त्याच्या बायकोचं भांडण झालं आमच्यासमोर.

संध्याकाळी लेउका, टाचेचं टोक. वर दीपगृह आणि चर्च, आणि तिथून खाली बंदरापर्यंत उतरत जाणारा दगडी पायऱ्यांचा धबधबा. अक्वेदोत्तो इथे संपतो, सेलेहून डोंगर फोडून निघालेलं पाणी इथे येऊन समुद्रात पडतं अशी ती कल्पना, मुसोलिनीच्या काळातली, १९३९ ची. पाणी वर्षातून मोजक्या वेळा सोडतात. त्या दिवशी ठणठणीत कोरडा होता, शेवाळाचे वाळके डाग फक्त. मला वाटलं बाबा हिरमुसतील. ते म्हणाले, "बरोबर आहे, फुकट कशाला सोडायचं," आणि बाजूच्या नळावर जाऊन पोटभर प्यायले, बाटली भरली.

ऊन उतरलं होतं. बाबांनी खालच्या मजल्यावरच्या काकाला व्हिडिओ कॉल लावला, सोलापुरात साडेदहा वाजून गेले असतील, धबधबा दाखवायचा होता, सगळी हकिगत सांगायची होती. काकाने उचलला, कानाला खांद्याने धरलेला, पडद्यावर नुसता कान.

"दादा, नंतर बोलू," काका म्हणाला, "चार दिवसांनी पाणी आलंय, मोटर लावतोय."